मागच्या वेळचा आकडा

सोनोग्राफीच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला दिवसभर तीन वाक्यं पुरतात. श्वास घ्या. धरा. सोडा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मोठ्याने, लहान मुलांसाठी लाडीगोडीने, आणि इंटरनेटवर सगळं वाचून आलेल्यांसाठी जरा तुटकपणे. सव्वीस वर्षं मी एवढंच बोलत आले आहे. संध्याकाळी घराकडे जाताना दुकानात पाव मागायचा म्हटलं तरी आधी घसा साफ करावा लागतो, कारण दिवसभर त्यातून दुसरं काही निघालेलंच नसतं.

घरी मी एकटी. आई गेली त्याला चार वर्षं झाली. लग्न झालं होतं, ते मोडलं. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं, दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला. थोरली बहीण दर रविवारी फोन करून आपल्या गुडघ्यांचा पाढा वाचते आणि मी हूं हूं करते. एकटेपणाबद्दल बोलायची मला लाज वाटते, म्हणून कुणी विचारलं की मी ते चेष्टेवारी नेते. पण ही हकिगत त्याशिवाय सांगता येणार नाही. तेव्हा आधीच कबूल करते: मी एकटी होते, लिफ्टवाले दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचे, आणि मी त्यांची वाट बघायचे.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्टची देखभाल करणारे गृहस्थ. पस्तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. तिशीत असताना ते एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यांना रक्ताच्या सहा बाटल्या चढवल्या. त्यांतल्या एखाद्या बाटलीतून काविळीचा विषाणू आला आणि तीस वर्षं काही न बोलता लिव्हरमध्ये ठाण मांडून बसला. कळलं तेव्हा गोळ्या निघाल्या होत्या; तीन महिन्यांत विषाणू गेला. लिव्हर मात्र तोवर आतून कडक झालं होतं, गाठी गाठी झाल्या होत्या. ज्याला त्याला वाटायचं, माणूस पीत असणार. "माझ्या वाट्याला नुसती बदनामी आली, ताई," ते म्हणायचे, "नशा एका संध्याकाळचीही आली नाही."

आता थोडं शिकवावं लागेल. आतड्यांतलं सगळं रक्त एका जाड शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर कडक झालं की रक्ताला आत शिरता येत नाही, आणि त्या शिरेतला दाब वाढतो. हा दाब बाहेरून मोजता येत नाही. त्याच्या खुणा तेवढ्या दिसतात: शीर फुगते, तिच्यातलं रक्त मंदावतं, कधी उलटं फिरतं, डाव्या कुशीतली प्लीहा मोठी होत जाते. आणि रक्त आडवाटा शोधतं. जठराभोवतीच्या, अन्ननलिकेच्या बारीक शिरांमधून ते वर निघतं, त्या शिरा फुगतात, आणि एखाद्या दिवशी त्यांतली एक फुटते. मग हाताशी मोठा दवाखाना नसेल तर माणूस तास-दोन तासांत रक्ताच्या उलट्या करत जातो.

पहिल्या भेटीत मी हे त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "कळलं. लिफ्ट बंद पडली, सगळे जिन्याने निघाले, आणि जिना एवढ्या माणसांसाठी बांधलेला नाही." सव्वीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरने हे इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मी हसले. मशीन चालू असताना मी हसले, ही माझी मला बातमी होती.

तेव्हापासून आम्ही बोलत आलो. मी पोटावर जेल लावायची, ते "बर्फ संपला वाटतं, आज जरा गरम आहे" म्हणायचे, आणि पुढची वीस मिनिटं कशी जायची ते कळायचं नाही. त्यांची बायको वारली होती. मुलगी लग्न होऊन लांबच्या बेटावर राहत होती, बोटीने दीड दिवस. ते एका खोलीत राहायचे आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या मांजरावर बोटं मोडायचे. मी आईबद्दल सांगायची. बहिणीच्या गुडघ्यांची नक्कल करायची. अंधाऱ्या खोलीत, पडद्याच्या करड्या उजेडात, शेजारी कुणी बोलतंय आणि आपण हाताने काम करतोय, याची मला सवय लागली. वर्षातून दोनदा होणाऱ्या गोष्टीची सवय लागते का? मला लागली.

लिफ्टवाल्यांना एकाच गोष्टीची भीती होती. दुर्बिणीची. घशातून नळी घालून अन्ननलिकेतल्या शिरा बघतात, ती. खड्ड्यात पडले तेव्हा नऊ दिवस त्यांच्या घशात नळी होती आणि हात पलंगाला बांधलेले होते. नळी म्हटलं की अजून त्यांच्या कपाळावर घाम यायचा. लिव्हरचे डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, "सोनोग्राफीत सुधारणा दिसत असेल तर दुर्बीण लांबवू. बिघडलं तर मात्र करावीच लागेल." म्हणजे नळी घालायची की नाही, हे माझ्या आकड्यांवर ठरणार होतं.

आकडे असे होते. पहिल्या वेळी प्लीहा तेरा पॉइंट चार सेंटिमीटर. मग तेरा पॉइंट एक. मग बारा पॉइंट नऊ, बारा पॉइंट आठ, बारा पॉइंट सहा. विषाणू गेल्यावर काही जणांत दाब खरोखर उतरतो, तेव्हा यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. प्लीहा फुगली की रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात; त्या काही वाढत नव्हत्या, उलट थोड्या घसरत होत्या. पण लिव्हरचे डॉक्टर म्हणाले, चित्र छान आहे, रक्त हळूहळू सुधारेल. आमच्या विभागाचे साहेब माझ्या रिपोर्टवर डोळे मिटून सही करायचे. हे मी अभिमानाने सांगायची.

आमच्या कामात सगळेजण एक गोष्ट करतात, ती सांगते. पेशंटला हात लावायच्या आधी मागचा रिपोर्ट उघडतात. मागच्या वेळी किती होतं ते बघतात आणि मग मोजतात. त्यात गैर काही नाही, तसं शिकवलेलंच असतं. फक्त होतं काय, की हाताला आधीच माहीत असतं कुठे थांबायचं.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या: नवं मशीन आणि नवी डॉक्टर. मशीन मला आवडलं. नव्या डॉक्टरबाई तिशीच्याही नव्हत्या, बोलणं मोजकं, चपला न वाजवता चालायच्या, आणि त्यांनी आल्याआल्या फर्मान काढलं की नवं मशीन तपासून घेण्यासाठी दहा जुने पेशंट दोघांनी वेगवेगळे मोजायचे, एकमेकांचे आकडे न बघता, आणि मागचा रिपोर्ट अजिबात न उघडता.

"आम्ही काय इतकी वर्षं गवत उपटत होतो?" मी कॅन्टीनमध्ये म्हणाले. तिथे मी एकटीच बसले होते, तेव्हा ते चहाच्या कपाने ऐकलं.

दहांपैकी सातवे पेशंट होते लिफ्टवाले. बुधवार होता. ते आले ते नवा शर्ट घालून. मी दिवा मालवला, त्यांनी शर्ट वर घेतला आणि सांगून टाकलं, "ताई, मी चाललो. पुढच्या मंगळवारची बोट. लेक म्हणते, बाबा, आता कायमचेच या, एक खोली रिकामी केली आहे. मी इथली खोली सोडली. तुमचा रिपोर्ट चांगला आला की लिव्हरचे डॉक्टर जायला हरकत नसल्याचा कागद देणार आहेत."

"तिथे दवाखाना आहे?" मी विचारलं.

"एक नर्स आहे आणि एक खाट. मला काय करायचाय दवाखाना? तुम्हीच म्हणता ना, आकडा उतरतोय."

माझ्या मनात त्यांची काळजी आली नाही. हे आता येणार नाहीत, एवढंच मला कळलं. मी म्हणाले, "छान झालं. मांजराची काळजी कोण घेणार?" ते हसले, पोट हललं, पडद्यावरचं चित्र हललं. त्यांना श्वास धरायला सांगितलं तर ते मध्येच म्हणाले, "तिथे लिफ्टच नाही हो, सगळी बैठी घरं." मी हसत हसत मोजलं. मागचा रिपोर्ट बंद होता, नियमाप्रमाणे. पण रिपोर्टवर झाकण घालता येतं, डोक्यावर कोण घालणार? मला बारा पॉइंट सहा पाठ होतं. माझं आलं बारा पॉइंट सात. शिरेतलं रक्त सेकंदाला सोळा सेंटिमीटरच्या वेगाने चाललं होतं, म्हणजे ठीक.

मग नव्या डॉक्टरबाई आत आल्या आणि मी बाहेर थांबले. वीस मिनिटं झाली, तीस झाली. आतून "श्वास घ्या, धरा" याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. लिफ्टवाले बाहेर आले तेव्हा जरा हिरमुसले होते. "त्या बाईंना माझं तोंड आवडलं नाही वाटतं," ते कुजबुजले.

दुपारी साहेबांच्या खोलीत दोन्ही कागद शेजारी ठेवले. माझे बारा पॉइंट सात, त्यांचे चौदा पॉइंट नऊ. माझा वेग सोळा, त्यांचा दहा. शिवाय त्यांनी एक चित्र काढलं होतं: जठराच्या मागे वेडीवाकडी एक शीर, आणि तिच्यात रक्त लिव्हरपासून दूर चाललेलं. ती जागा मीही पाहिली होती. आतडं असेल म्हणून पुढे गेले होते.

साहेबांनी चष्मा पुसला. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि वाद म्हटला की त्यांच्या जिवावर येतं. "मशीन नवं, हात नवा," ते म्हणाले. "यांचे आकडे अडीच वर्षं एका रेषेत आहेत. एकाएकी दोन सेंटिमीटर? यांचेच ठेवू. तुमची मोजणी यादीतून काढून टाका."

नव्या डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे सर," म्हणाल्या, आणि आपला कागद उचलून निघून गेल्या.

मी जिंकले होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, आणि साहेबांचे शब्द आठवले. अडीच वर्षं एका रेषेत. इतकी सरळ रेषा कुणाच्या पोटात असते? माणूस एका आठवड्यात दोनदा मोजला तरी दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. माझे आकडे शाळेतल्या जिन्यासारखे एकेक पायरी उतरत आले होते.

मी डबा बंद केला आणि जुनी चित्रं उघडली. पडद्याच्या ज्या कोपऱ्यात आकडा उमटतो तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला, माझ्या जुन्या खुणा पुसल्या, आणि पाचही वेळची प्लीहा पुन्हा मोजली, जणू ती कुणा अनोळखी माणसाची होती. मग चिकटपट्टी काढली.

पहिली बरोबर होती, तेरा पॉइंट चार. तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हते. दुसरी तेरा पॉइंट सहा. तिसरी चौदा. चौथीत प्लीहेचं वरचं टोक फुप्फुसाच्या सावलीत गेलेलं होतं. मी नीट श्वास घ्यायला लावून थांबायला हवं होतं, थांबले नव्हते. पाचवीत टोक लख्ख दिसत होतं आणि माझी खूण त्याच्या दोन सेंटिमीटर अलीकडे लावलेली होती. वेगाचंही तेच. रक्ताचा वेग काढताना पडद्यावर एक रेघ शिरेच्या दिशेला फिरवून लावायची असते. ती जास्त तिरपी लावली की वेग फुगून दिसतो. दरवेळी ती थोडी थोडी तिरपी होत गेली होती. नवशिक्या मुलींना मी यासाठी ओरडते.

मी मुद्दाम केलं नव्हतं. हे मी स्वतःला दहादा सांगितलं आणि ते खरंच होतं. पण त्यांना नळी नको होती, मलाही त्यांना नळी नको होती. ते बरे व्हायला हवे होते. आणि मी बोलत होते. सहा महिने कुणाशी न बोललेलं सगळं त्या वीस मिनिटांत बोलत होते. माझा डोळा पडद्यावर होता आणि मी त्यांच्या गोष्टीत होते. लिव्हरचे डॉक्टर माझ्या आकड्यांवर विसंबले, साहेब माझ्यावर विसंबले, आणि तो माणूस बोटीत बसायला निघाला होता.

आणखी एक कबुली द्यायची राहिली. चित्रं बंद करताना क्षणभर मला बरं वाटलं. आता ते जाणार नाहीत, असं वाटलं. त्या एका क्षणाची जेवढी लाज वाटते, तेवढी आयुष्यात कशाचीच वाटलेली नाही.

साहेबांना मी सगळं दाखवलं. त्यांनी पाचही चित्रं एकेक करून उघडून बघितली. "होतं असं," शेवटी म्हणाले. "आपण नवा रिपोर्ट चौदा पॉइंट नऊचा देऊ. लिहू की मागच्या तुलनेत वाढ दिसते. दुर्बीण होईल, पेशंटचं भलं होईल. मागचं उकरायची काय गरज आहे?"

"मग त्यांना वाटेल सहा महिन्यांत बिघडलं."

"वाटू दे की. त्यानं काय फरक पडतो?"

खरंच, दुर्बीण तर होणारच होती. मी एवढंच म्हणाले की पहिल्यानंतरचे चारही रिपोर्ट दुरुस्त झाले पाहिजेत, माझ्या सहीनिशी, आणि त्यांना मी सांगणार. साहेबांनी हात वर केले. "तुमची मर्जी. पण तक्रार आली तर मी मध्ये पडणार नाही." बाहेर व्हरांड्यात नव्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांची माफी मागणं मला जड गेलं, पण मागितली. त्या म्हणाल्या, "ताई, मी त्यांना ओळखत नव्हते. म्हणून मला दिसलं." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

लिफ्टवाल्यांना मी गुरुवारी बोलावून घेतलं. खोलीतला मोठा दिवा लावला. त्या खोलीत आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना पुऱ्या उजेडात बघत होतो. ते मी समजत होते त्यापेक्षा पिवळसर होते आणि थकलेले होते. हेही मला दिसलं नव्हतं. मी पाल्हाळ लावलं नाही. प्लीहा वाढते आहे, पहिल्या दिवसापासून वाढते आहे, दाब उतरलेला नाही, जठराजवळच्या शिरा फुगल्या आहेत. आकडा उतरतोय असं मी सांगत आले, ते चुकीचं होतं. चूक मशीनची नाही, माझी आहे.

ते खुर्चीवर मागे टेकले. "म्हणजे चुकून झालं, की मला खूश ठेवत होतात?"

"मुद्दाम नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही बरे व्हावं असं मला वाटत होतं, आणि हात तसाच चालला."

"बोटीवर काही झालं असतं तर?"

"तर तुम्ही वाचला नसतात."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. लिफ्टवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी पस्तीस वर्षं लिफ्टचे दोर तपासले," ते मग म्हणाले, आवाज न चढवता. "एकेक तार हाताने चाचपून. त्या वेळी मी कुणाशी बोलत नव्हतो. बायको शेजारी उभी असती तरी बोललो नसतो. वर माणसं असतात हो ताई."

मी मान खाली घातली. त्यांनी टोपी उचलली. "अडीच वर्षं मी तुमच्या आकड्यावर निवांत झोपलो," म्हणाले, आणि गेले. दार त्यांनी हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दुर्बीण झाली. ते घामाने भिजले होते, पण त्यांनी नळी घालू दिली, असं तिथल्या नर्सने मला सांगितलं. अन्ननलिकेत तीन मोठ्या शिरा, त्यांच्यावर लाल ठिपके. आज ना उद्या फुटणाऱ्या. तिन्हींना रबरी कड्या घालून आवळून टाकलं. बोट त्यांच्याशिवाय सुटली. मी दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा कुणाला तरी शोधत असल्यासारखं करून परत आले. तक्रार आली नाही. मी रोज तिची वाट बघत होते.

पुढचे सहा महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मी पेशंटशी बोलणं बंद केलं. मागचा रिपोर्ट उघडायच्या आधी मोजते, मोजून लिहून ठेवते, मग उघडते. सगळ्या विभागाला ती शिस्त लागली आणि साहेब ते आपल्या भाषणात सांगतात. संध्याकाळी घरी गेल्यावर मी कधीकधी मोठ्याने म्हणायची, "आज काय झालं माहीत आहे का," आणि पुढे काही झालेलंच नसायचं. बहिणीला एका रविवारी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस, कामात चुका होतातच," आणि गुडघ्यांकडे वळली.

त्यांची तारीख मला तोंडपाठ होती. यादीत त्यांच्यापुढे नव्या डॉक्टरबाईंचं नाव असणार हे मी धरून चालले होते. मीच तसं सुचवलं होतं. सकाळी काउंटरवरची मुलगी आत डोकावली. "ताई, ते आजोबा म्हणतात, नेहमीच्या ताईच हव्यात."

ते आत आले, चपला काढल्या, आपले आपण पलंगावर आडवे झाले. वजन उतरलं होतं. मी दिवा मालवला. नमस्कार म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात ते छताकडे बघत म्हणाले, "ताई, आज बोलायचं नाही. नुसतं मोजा."

मी मोजलं. श्वासाचं तेवढं सांगत होते, बाकी काही नाही. प्लीहा तीनदा मोजली, प्रत्येक वेळी खुणा पुसून. पंधरा. पंधरा पॉइंट एक. पंधरा. रेघ शिरेला समांतर लावली आणि पुन्हा तपासली. वेग दहा. जठरामागची शीर होती तिथेच होती. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मला त्यांना किती गोष्टी विचारायच्या होत्या. घसा दुखला का, मांजर कसं आहे, रात्री झोप लागते का. एकदा त्यांनीही काहीतरी सांगायला ओठ उघडले, आणि मिटले. ते मी बघितलं.

"किती?" शर्टाची बटणं लावत त्यांनी विचारलं.

"पंधरा."

"वाढली."

"थोडी. औषधं चालू ठेवायची, आणि कड्या पुन्हा बघून घ्यायच्या."

"बरं." ते उठून उभे राहिले. चपला घालायला वेळ लागला. दाराशी थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाहेर लेक आली आहे. ती आता इथेच राहणार, नवऱ्याला इकडे काम मिळालंय. तिला मी सांगितलंय की सोनोग्राफीच्या ताईंनी मला बोटीत बसू दिलं नाही. तेवढंच सांगितलंय. बाकीचं तुमच्या माझ्यात."

"तिला खरं सांगा," मी म्हणाले.

"हेही खरंच आहे. तिला कुणाचा तरी आधार वाटायला हवा इथे. मला राग आहे तो माझा मी बघून घेईन."

त्यांनी दार उघडलं. चाळिशीची एक बाई बाकावरून उठली, लहान केस, हातात त्यांची टोपी. वडिलांनी 'याच त्या' म्हणून माझ्याकडे नुसती मान हलवली, आणि मी काही म्हणायच्या आत ती सरळ आत आली आणि तिने मला मिठी मारली. "तुमच्यामुळे माझे बाबा आहेत," ती माझ्या खांद्यावर म्हणाली. तिचा श्वास गरम होता, ती रडत होती.

दिवसाला तीस पोटांना मी हात लावते. मला कुणी हात लावून चार वर्षं झाली होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, तेरा पॉइंट चारपासून पुढचं सगळं, आणि तिच्या पलीकडे लिफ्टवाले भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती मिठी माझ्या वाट्याची नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ती सोडवली नाही. तिनेच सोडेपर्यंत उभी राहिले.